आवाज लिहून कळवा

४ डिसेंबर

भावोजी,

पत्र बघून दचकू नका. मी बरी आहे, लेक तिच्या घरी सुखात आहे.

तुम्हाला तीनदा फोन केला. एकदा नुसताच वाजत राहिला. दोनदा तुम्ही उचललात, "हॅलो, हॅलो" केलंत आणि ठेवून दिलात. मी इकडून घसा फोडत होते. बोलायचं नसेल तर नसू दे. गुडघ्यांमुळे तुम्ही गॅरेज बंद केलंत, तरी गाडीचं विचारायला मला दुसरं माणूस नाही. म्हणून हा कागद.

तुमच्या दादांची गाडी मी विकलेली नाही. माझं काम तुम्हाला माहीतच आहे. लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं, तेही लोकांनी काही खायच्या आत. म्हणजे सगळी घरं सकाळी सहा ते नऊमध्ये. एकोणीस वर्षं हे गाडी चालवायचे आणि मी जिने चढायचे. मार्चमध्ये हे गेले, तेव्हापासून मी बसने फिरून पाहिलं. डबा घेऊन थांब्यावर उभं राहायचं, नमुने उशिरा पोचायचे. दोनदा खराब झाले. एका आजोबांच्या हाताला पुन्हा सुई लावावी लागली. त्यांनी नुसती बाही वर केली. मला मात्र दिवसभर जेवण गेलं नाही.

मग मी गाडी शिकले. सत्तावन्नाव्या वर्षी. हसू नका. परवाना पहिल्याच फेरीत मिळाला.

आता थंडी पडली आणि गाडी रुसली आहे. पहाटे चालू केली की जागच्या जागी इतकी थरथरते की आरशात मला माझंच तोंड दिसत नाही. चौकात थांबले की बंद पडते. चार-पाच मिनिटांनी आपोआप शहाण्यासारखी चालायला लागते. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो, "ताई, इंजिन म्हातारं झालं. उघडावं लागेल, नाहीतर भंगारात द्या." लॅबच्या मॅनेजरबाई म्हणतात, जानेवारीपर्यंत वेळेचं जमलं नाही तर दुसरं कुणी बघावं लागेल.

काय करू?

वहिनी


९ डिसेंबर

वहिनी, नमस्कार.

पत्र पोचलं. फोनचं मनाला लावून घेऊ नका. आमच्याकडची लाइन खराब आहे.

इंजिन कुणालाही उघडू देऊ नका. गरम झाल्यावर नीट चालतं याचा अर्थ इंजिन धडधाकट आहे. म्हातारं असतं तर दिवसभर कण्हलं असतं. हे फक्त झोपेतून उठताना कुरकुरतंय. कोपऱ्यावरच्याला सांगा, तुझं तुझ्याकडे ठेव.

आता मला सांगा. "थरथरते" हे पुरे नाही, प्रत्येक गाडी थरथरते. ठरावीक तालात अडखळते की वेडीवाकडी? मध्येच उसळते का? सी सी किंवा फुस्स असं काही येतं का, आणि कुठून? मागच्या नळीतून धूर येतो तो काळा, पांढरा की नाहीच? उद्या पहाटे गाडीत बसून, कागद मांडीवर घेऊन, मिनिटामिनिटाला आवाज लिहून कळवा. जसा येतो तसा लिहा. शब्द शोधत बसू नका, आवाजच लिहा.

पहिल्या फेरीत परवाना मिळाला. दादाला तीन फेऱ्या लागल्या होत्या. त्याने तुम्हाला सांगितलं नसेल.

धाकटा


१३ डिसेंबर

भावोजी,

नाही सांगितलं! "एका दमात पास झालो" असं एकोणीस वर्षं ऐकत आले. तीन फेऱ्या! आता कुणाशी भांडू?

घ्या तुमचे आवाज. गुरुवार, पहाटे साडेपाच. काचेवर दव.

चावी फिरवल्यावर: खिरर्र, खिरर्र, भुस्स. लागली.
पहिलं मिनिट: धड धड धड फट. धड धड धड फट. चौथा ठोका दर वेळी रिकामा जातो, जिना उतरताना एक पायरी चुकावी तसा. पुढच्या काचेखालच्या फळीवरचा चष्म्याचा डबा खाली पडला.
दुसरं मिनिट: तेच. मध्येच भूं करून चढते, लगेच खाली बसते.
तिसरं: धड धड धड... फट. फटला उशीर व्हायला लागला.
चौथं: धडधडधडधड. एकदा फट.
पाचवं: घुर्रर्रर्र. झोपलेल्या मांजरासारखं.

पुढचं झाकण उघडून कान लावला. सगळं थरथरत असताना खोल कुठून तरी बारीक "सीऽऽ" येतं, किटलीची वाफ सुटावी तसं. गरम झाल्यावर तेही जातं. मागून धूर नाही. लिहिताना मीही तोंडाने "फट, फट" करत होते. शेजारच्या काकांनी खिडकी उघडली, मला पाहिलं आणि बंद केली.

आता एक गाडीबाहेरचं. लिहू नये असं ठरवलं होतं, पण पेन हातात आहे तर लिहिते. ह्यांना पोचवून आल्यावर फाटकाशी मी तुम्हाला विचारलं होतं, "भावोजी, आता तुम्ही तरी येत जाल ना?" तुम्ही पाठमोरे होतात. वळला नाहीत. तसेच चालत गेलात. नऊ महिने मी त्याचा अर्थ लावते आहे. शेवटच्या काही महिन्यांत हे तुम्हाला फोन करायचे, तेव्हाही तुम्ही असेच ठेवून द्यायचात. आमचं काय चुकलं, एवढं सांगा.

वहिनी


१८ डिसेंबर

वहिनी,

तुमचं काही चुकलेलं नाही. दादाचं तर नाहीच. बाकीचं मला नीट लिहिता येईल तेव्हा लिहीन. आज गाडीचं लिहितो.

आवाज फार चांगले लिहिलेत. मी ते चार-पाच वेळा वाचले. तीन ठोके आणि चौथा रिकामा, म्हणजे चारांतला एक सिलिंडर गारठ्यात काम करत नाही. कोणता ते बघू.

चार नवे प्लग आणा. जुना प्लग दाखवलात की दुकानदार बरोबर तसाच देईल. काम दुपारी करा, इंजिन पूर्ण गार असताना. दादाच्या पेटीत लांब गळ्याचा पाना आहे, आत रबर असलेला, तो प्लगचा. एका वेळी एकच वायर काढायची, तिचा प्लग काढायचा, नवा बसवायचा, वायर परत लावायची, मग दुसरी. चारही एकदम काढल्या तर कुणाची वायर कुणाला, असा गोंधळ होईल. नवा प्लग आधी हाताने फिरवा. सहज गेला पाहिजे. अडला तर जोर करू नका, काढून परत लावा. शेवटी पान्याने हलकाच आवळा. बाटलीचं झाकण लावता तेवढं मनात धरा, वर थोडं.

जुने चारही पुसू नका. पट्टा फिरतो त्या बाजूचा एक नंबर, तिथून मोजा. नंबर घालून मला पोस्टाने पाठवा. प्लगचं तोंड बघितलं की आतलं सगळं कळतं.

धाकटा


२१ डिसेंबर

भावोजी,

सोबत चार प्लग. लॅबची लेबलं लावून पाठवते आहे. रुग्ण: गाडी. वय: बावीस. नमुना: उपाशीपोटी. एक ते चार नंबर घातले आहेत. आता तुम्ही डॉक्टर आणि मी नमुने गोळा करणारी. धंदा तोच राहिला.

तिसरा निघेचना. पाना धरून मी इतकी लोंबकळले की शेजारचे काका धावत आले. म्हणाले, "मी काढतो." मी म्हटलं, "काका, उजेड धरा." त्यांनी धरला. निघाला तेव्हा आम्ही दोघं ओरडलो.

नव्या प्लगने थरथर थोडी कमी झाली, गेली नाही. फट अजून आहे.

तुम्ही "नंतर लिहीन" म्हणालात. मी थांबते. घाई नाही.

वहिनी


२६ डिसेंबर

वहिनी,

चारही प्लग पोचले. खिडकीशी नेऊन भिंग लावून पाहिले. एक, दोन, तीन छान भाजल्यासारखे तपकिरी आहेत. चौथा पांढराफटक. पांढरा म्हणजे त्या सिलिंडरला हवा जास्त मिळते आणि पेट्रोल कमी पडतं. ही चोरटी हवा कुठून तरी आत शिरते आहे. तुमची "सीऽऽ" तीच.

माझा अंदाज असा: चौथ्या सिलिंडरजवळ एखादा रबरी पाइप चिरला आहे. गारठ्यात रबर आखडतं, चीर उघडी पडते. गरम झालं की रबर सैल होतं, चीर मिटते. म्हणून पाच मिनिटांत सगळं ठीक.

कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारायची बाटली असेल ना? पहाटे गाडी चालू करा, ब्रेक ओढून, गिअर काढून. केस घट्ट बांधा, बाह्या वर करा, पट्ट्यापासून हात लांब. मग चौथ्या सिलिंडरच्या आसपासच्या एकेका पाइपवर अगदी थोडं पाणी फवारा. प्लगच्या वायरींवर नको. जिथे पाणी पडल्यावर आवाज बदलेल तिथे चोर आहे. पाणी क्षणभर चीर बुजवतं आणि इंजिन तेवढ्यापुरतं सावरतं.

आवाज आधी कसा, नंतर कसा, दोन्ही लिहा.

धाकटा


(त्याच पाकिटात, वहीचं फाडलेलं पान, वेगळं अक्षर)

ताई,

हे पाकीट मी चिकटवते आहे, म्हणून ही चिठ्ठी आत घालता आली. यांना सांगू नका.

यांना ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं. आधी उजवा कान गेला, मग डावाही. अगदी जवळून मोठ्याने बोललं तर थोडं. गुडघ्यांमुळे गॅरेज बंद केलं असं सगळ्यांना सांगितलं आहे, ते खरं नाही. एका गाडीचं चाक नीट आवळलं गेलं नव्हतं आणि चालवून बघताना त्याचा आवाज यांना आलाच नाही. कुणाला लागलं नाही, पण यांनी त्याच संध्याकाळी शटर ओढलं. पंचक्रोशीतले लोक आवाज ऐकवायला गाड्या घेऊन यायचे. त्या माणसाला हे कुणाला सांगायचंच नाही. दादांनाही सांगितलं नाही. कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की उठून जातात.

तुमची पत्रं आल्यापासून वेगळंच चाललं आहे. खिडकीशी बसतात आणि ओठ हलवत वाचतात, धड धड धड फट. बोटाने टेबलावर ताल धरतात. दीड वर्षात यांना असं पाहिलं नव्हतं. पत्र थांबवू नका.

तुमची जाऊ


३१ डिसेंबर

भावोजी,

चोर सापडला.

पहाटे बाटली घेऊन झाकणाखाली वाकले. शेजारचे काका आता स्वतःहून उजेड धरायला येतात, मफलर गुंडाळून. पहिल्या पाइपवर पाणी मारलं: धड धड धड फट. काही फरक नाही. दुसऱ्यावर: तेच. मग मागे, भिंतीसारखा पत्रा आहे तिथे वाकून आत गेलेला काळा पाइप, माझ्या अंगठ्याएवढा. त्याच्या खालच्या बाजूला फवारलं आणि सीऽऽ एकदम स्सप् झाली. धडधडधडधड. सहा-सात ठोके अगदी सरळ. मग पाणी आत ओढलं गेलं आणि पुन्हा फट. मी चारदा करून पाहिलं. चारही वेळा तेच.

गाडी बंद करून, आरसा धरून खालून बघितलं. बोटाच्या पेराएवढी उभी चीर आहे. त्यावर कुणीतरी आधी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि ती सुटू नये म्हणून वरून दोऱ्याने बांधलेली. दोन वेढे आणि वर फुलासारखी गाठ. पट्टीचा चिकटपणा गेला आहे.

पुढे काय, ते लिहा.

तुम्हाला आवाज पाठवता पाठवता मला सवयच लागली आहे. आज पाच घरं केली. पहिल्या घरी बाई दार उघडायच्या आधी तीन कड्या काढतात: खट्, खट्, आणि तिसरी कुईंऽऽ. दुसऱ्या घरचे आजोबा सुई लागताना गुणगुणतात, सूर कुठलाच नाही, हूंऽऽ हूंऽऽ. तिसऱ्या मजल्यावर कुणाची तरी नात नवं वाद्य शिकते, ते बदकासारखं वाजतं. परत येताना रस्त्यावर कुणी नव्हतं आणि टायरखाली ओला पाचोळा चुर्र चुर्र वाजत होता. हे तुम्हाला कशाला लिहिते कोण जाणे. असू दे पाकिटात.

वहिनी


५ जानेवारी

वहिनी,

पाचोळ्याचं तीनदा वाचलं.

ती गाठ दादाची. लहानपणी पतंगाला, मग वह्यांच्या गठ्ठ्याला, मग आम्ही दोघांनी मिळून गॅरेज काढलं तेव्हा तिथल्या सगळ्या वायरींना तो तीच गाठ मारायचा. दोन वेढे आणि वर फूल. मी त्याला म्हणायचो, "दादा, हे इंजिन आहे, वेणी नाही."

म्हणजे मागच्या थंडीत गाडी अशीच थरथरली होती. त्याने ती चीर शोधली आणि पट्टी लावून वेळ मारून नेली. मागच्या थंडीतच तो मला फोन करत होता. हा पाइप विचारायलाच करत असणार. मी फोन उचलायचो, कानाला लावायचो, आणि आत नुसता भुंगा.

वहिनी, मला ऐकू येत नाही. आमच्याकडची लाइन अगदी ठणठणीत आहे. दीड वर्षापासून माझे कान गेले आहेत. त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तो त्याच दिवशी गाडी काढून आला असता. आणि तेच मला नको होतं. ज्याच्या कानावर दोघांचं गॅरेज चाललं तो बहिरा झाला, हे त्याच्या तोंडावर कसं सांगणार? पुढच्या महिन्यात सांगू म्हणत राहिलो. मग मार्च आला.

फाटकाशी तुम्ही काय विचारलंत ते मला तुमच्या पत्रातूनच कळलं. मी माणसांच्या तोंडाकडे बघून त्यांचं बोलणं समजून घेतो. त्या दिवशी तुमच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

त्याला वाटलं असेल, धाकटा माजला. तसंच मनात घेऊन गेला असेल. हे मला झोपू देत नाही.

पाइप: तुकडा कापून दुकानात न्या. तेवढ्याच भोकाचा, पेट्रोल-तेलाला टिकणारा घ्या. साधा पाण्याचा नको. दोन नव्या क्लिपा. टोकं आत बोटाच्या एका पेराइतकी सरकली पाहिजेत. क्लिप रबर दबेल इतकीच आवळा, कापलं जाईल इतकी नाही. जुना तुकडा फेकू नका.

धाकटा


९ जानेवारी

भावोजी,

कानांचं मला माहीत होतं. कसं ते विचारू नका. तुमच्या घरात तुमची काळजी करणारं माणूस आहे, एवढं पुरे. तुम्ही आपणहून सांगेपर्यंत थांबायचं मी ठरवलं होतं.

आता ह्यांचं सांगते. खोटं लिहून तुमची समजूत काढणार नाही. ते रागावले होते. पहिल्यांदा फोन ठेवलात तेव्हा दोन दिवस घरात भांडी आपटली. पण तुम्ही तुमच्या दादांना ओळखता, त्यांचा राग टिकतो कुठे? फेब्रुवारीत एका रात्री जेवताना म्हणाले, "धाकट्याचं काहीतरी बिनसलंय. तो फोनवर गप्प बसणाऱ्यातला नाही. ऊन पडलं की जाऊन बघून येऊ." मी म्हटलं, "रागावला असेल." तर म्हणाले, "रागावला असता तर भांडला असता. अडचणीत आहे." मार्चच्या दुसऱ्या रविवारी निघायचं ठरलं होतं. हे पहिल्या बुधवारी गेले.

तेव्हा माजला वगैरे मनातून काढा. ते तुमच्याकडे यायला निघालेच होते. पोचायचे राहिले.

पाइप बसवला. क्लिपा मी आवळल्या, काकांनी उजेड धरला. आज पहाटे काचेवर बर्फासारखं दव होतं. चावी फिरवली: खिरर्र, भुस्स, घुर्रर्रर्र. सी नाही, फट नाही. मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. मग उशीर होईल म्हणून निघाले. सात घरं, पावणेनऊला लॅबमध्ये. मॅनेजरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुढच्या महिन्याची यादी माझ्यासमोर ठेवली. त्यात दोन घरं वाढली आहेत.

आणि आता मी सांगते, तुम्ही ऐका. येत्या शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन तुमच्याकडे येते आहे. कानाच्या डॉक्टरांची वेळ मी लॅबच्या ओळखीने घेऊन ठेवली आहे. मी रोज सकाळी घाबरलेल्या माणसांचे हात धरते, मला उठून जाऊन दाखवा. अकराच्या आत तयार राहा.

वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनी,

तुम्ही पोचल्याचं पत्र मिळालं. आता माझं घ्या.

त्या शनिवारी तुम्ही दारात गाडी लावलीत आणि बंद करायला लागलात, तेव्हा मी "राहू द्या" म्हटलं आणि झाकणावर तळवा ठेवला, आठवतं? तुम्हाला वाटलं, मी तुमचं काम तपासतोय. काम मला कागदावरच कळलं होतं. दादा मार्चमध्ये आला असता तर त्याने जिथे गाडी उभी केली असती, बरोबर तिथे तुम्ही ती लावली होतीत. मला थोडा आधार हवा होता, इतकंच.

डॉक्टरांनी सांगितलं तेच खरं. उजवा कान परत येणार नाही. डाव्यासाठी दिलेलं यंत्र मंगळवारी बसवलं. पहिला आवाज आला तो माझ्याच सदऱ्याचा. कापड इतकं बोलतं हे मी विसरलो होतो. मग खुर्ची, मग माझा स्वतःचा श्वास, मग बाहेर कुणीतरी झाडत होतं ते. डॉक्टर काहीतरी विचारत होते, पण मी झाडूच ऐकत बसलो.

घरी आलो. तुमच्या जाऊबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आलात का?" आणि मी उंबऱ्यातच थांबलो. वहिनी, तिचा आवाज म्हातारा झालाय. कडेला थोडा थरथरतो. दीड वर्ष मी याच घरात होतो, समोरासमोर जेवत होतो, तिच्या ओठांकडे बघून सगळं समजतंय म्हणत होतो, आणि हे मला माहीतच नव्हतं.

सध्या मी काही दुरुस्त करायला घेतलेलं नाही. रोज संध्याकाळी ती बोलते आणि मी बसतो. दीड वर्षाचं साठलंय तिच्याजवळ. कुणाकडे काय झालं, कोण काय म्हणालं, मला सांगून सांगून ती कशी थकली, सगळं. काल बोलता बोलता ती मध्येच थांबली आणि तिने विचारलं, "ऐकताय ना?"

मी म्हटलं, "ऐकतोय. पुढे सांग."

धाकटा